ईश्वराचे वकीलपत्र

मराठी दप्तरात 'अस्मानी-सुलतानी' हा जोडशब्द फार जुना आहे. पीक बुडाले, गाव ओसाड पडले, सारा वसूल होईना, म्हणजे सूट मागताना या दोन शब्दांचा आधार घेतला जाई. अवर्षण, अतिवृष्टी, टोळधाड, रोगाची साथ ही अस्मानी. फौजांची येजा, लूट आणि जुलमी वसुली ही सुलतानी. पहिलीचा जाब विचारावा असा कोणी समोर नाही आणि दुसरीचा जाब विचारावा अशी कोणाची छाती नाही, हा त्यातील गर्भितार्थ. पाश्चात्त्य धर्मचिंतनात निसर्गजन्य अनिष्ट आणि मानवकृत अनिष्ट असा जो भेद करतात आणि ज्यावर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले गेले, तो आपल्या कुळकर्ण्यांनी व दप्तरदारांनी सारासुटीच्या कागदांत सहजगत्या करून ठेवला होता. आपल्यापैकी जे आजही घरापासून दूर, कोठल्या तरी परक्या जिल्ह्यात आपत्तिनिवारणाचे तक्ते भरतात, त्यांच्यापुढे हीच विभागणी नव्या नावांनी येते. मृत, जखमी, बेघर असे रकाने भरले जातात. कारणाच्या रकान्यात 'नैसर्गिक आपत्ती' असे लिहिले म्हणजे तक्ता पुरा होतो.

तक्ता पुरा होतो. प्रश्न मात्र तेथे सुरू होतो. या अस्मानाला कोणी धनी आहे, तो सर्वसमर्थ आहे आणि तो लेकरांवर आईसारखी माया करतो, असे मनापासून मानणाऱ्या माणसाने तो रकाना कसा भरावा? नास्तिकाला ही अडचण नाही. निसर्गाला मनच नाही असे म्हटले, की त्याच्याकडून दयेची अपेक्षाही उरत नाही. अडचण आहे ती श्रद्धावंताची. आणि आपल्यापैकी बहुतेक जण, देव्हाऱ्यात दिवा लावण्यापुरते का होईना, श्रद्धावंत आहोत.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. अस्मानी व सुलतानी यांच्यामधील सीमा आपल्या पूर्वजांना वाटली तितकी पक्की नाही. याची साक्ष आपली भाषाच देते. एका भयंकर रोगाला आपण पिढ्यान्‌पिढ्या 'देवी' म्हणत आलो. मुलाच्या अंगावर फोड उठले, की त्याला 'देवी आल्या'. मग तिचा कोप शांत करावयाचा, तिला नवस बोलावयाचा. पुढे लस आली तेव्हा तिलाही 'देवी टोचणे' हेच नाव मिळाले. रोगही देवी आणि त्यावरील उपायही देवी! भारतातील त्या रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५ साली नोंदला गेला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. शतकानुशतके देवतेचा कोप म्हणून जे मुकाट सोसले, ते एका विषाणूचे काम होते आणि ते थांबविणे माणसाच्या हातात होते.

दुष्काळाचीही तीच कथा. १९४३ साली बंगालमध्ये जो दुष्काळ पडला त्यातील मृत्यूंचा आकडा चौकशी आयोगाने १९४५ साली सुमारे पंधरा लाख इतका धरला. पुढील अभ्यासकांचे अंदाज त्याहून बरेच मोठे आहेत. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की त्या वर्षी प्रांतातील एकंदर धान्य इतकी माणसे मरावीत इतके कमी नव्हते. युद्धकाळातील भाववाढीत शेतमजूर, कोळी आणि कारागीर यांची धान्य विकत घेण्याची शक्तीच नाहीशी झाली होती. अस्मानीच्या खात्यावर टाकलेली फार मोठी रक्कम अशा रीतीने सुलतानीच्या खात्यावर वळती करावी लागली.

भूकंपासारखी निखालस अस्मानी वाटणारी आपत्तीही या फेरतपासणीतून सुटत नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा चर्चमध्ये प्रार्थनेसाठी जमलेली माणसे चर्चच्याच भिंतींखाली सापडली. हे जग शक्य त्या सर्व जगांत उत्तम आहे, या लायब्निट्‌झप्रणीत मताची व्हॉल्तेअरने त्यानंतर कठोर थट्टा केली. परंतु रूसोने व्हॉल्तेअरला पाठविलेल्या पत्रात निराळाच मुद्दा काढला: सहा-सात मजल्यांची घरे इतक्या दाटीने निसर्गाने बांधली नव्हती, ती माणसांनी बांधली होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, किल्लारी व आसपासची गावे जमीनदोस्त झाली आणि सरकारी गणनेप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे दगावली, तेव्हाही हेच म्हणता आले. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, असे ते घर. आणि तो सारा मुलूख त्या वेळच्या भूकंपनकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात घातलेला. भूमी हलली हे अस्मानी. भिंत कोसळली हे पुष्कळ अंशी मानवी.

तथापि सगळीच रक्कम अशी वळती करता येत नाही. भूमी कोणाच्या धोरणाने हलली नव्हती. लसीचा शोध लागण्यापूर्वी देवीने गेलेल्या असंख्य बालकांच्या मृत्यूचा दोष कोणत्या सरकारावर ठेवावा? ज्ञान वाढेल तशी ही बाकी घटेल, परंतु ती शून्य होईल असे समजण्यास आधार नाही. श्रद्धेची खरी परीक्षा या बाकीपाशी आहे.

एपिक्यूरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर हा पेच फार थोडक्यात सांगितला जातो. ईश्वराला दुःख निवारावयाचे आहे पण शक्ती नाही, असे म्हणावे तर तो समर्थ नव्हे. शक्ती आहे पण इच्छा नाही, असे म्हणावे तर तो दयाळू नव्हे. दोन्ही आहेत असे म्हणावे तर दुःख आले कोठून? आपल्याकडे ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच आक्षेप दोन शब्दांत मांडला आहे: वैषम्य आणि नैर्घृण्य. कोणाला सुखी व कोणाला दुःखी करणारा ईश्वर पक्षपाती ठरतो आणि दुःख निर्माण करणारा ईश्वर निर्दय ठरतो.

याला आजवर जी उत्तरे दिली गेली त्यांत तीन प्रमुख आहेत. पहिले असे, की माणसाला स्वातंत्र्य द्यावयाचे तर त्याच्या दुरुपयोगाची शक्यताही द्यावी लागते. हे उत्तर सुलतानीला लागू पडते, अस्मानीला नाही. शिवाय स्वातंत्र्य एकाचे आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजावयाची, हा हिशेब न्याय्य म्हणवत नाही. दुसरे उत्तर असे, की दुःखाच्या भट्टीत आत्मा तावूनसुलाखून निघतो. काहींच्या बाबतीत हे घडलेले आपण पाहतो. परंतु तितक्याच दुःखाने माणसे कडवट, क्षुद्र आणि मोडून पडलेलीही पाहतो. आणि महिन्याच्या अर्भकाच्या बाबतीत तर या उत्तराला काही अर्थच राहत नाही.

तिसरे उत्तर आपले, म्हणजे कर्मसिद्धान्ताचे. शंकराचार्य यासाठी पावसाचा दृष्टान्त देतात. पाऊस सर्व शेतांवर सारखाच पडतो. भात निराळा आणि जव निराळे उगवते ते बीजाच्या गुणाने. तसा ईश्वर सर्वांना समान आहे; भेद ज्याच्या त्याच्या कर्माचा आहे, आणि संसार अनादि असल्यामुळे पहिले कर्म कोठून आले हा प्रश्नही उद्भवत नाही. तर्काच्या दृष्टीने तिन्ही उत्तरांत हे सर्वांत बांधेसूद आहे, याबद्दल शंका नको. येथे प्रत्येक अश्रूची नोंद आहे आणि प्रत्येक नोंदीला मागील पानाचा आधार आहे. हिशेब तंतोतंत जुळतो. आणि हिशेब इतका जुळतो, हीच मला त्यातील भीतीची जागा वाटते.

ती भीती कशाची, हे ग्रंथांपेक्षा प्रत्यक्ष आपत्तीत अधिक स्पष्ट होते. १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी उत्तर बिहार आणि नेपाळ भूकंपाने हादरले. मुंगेर, मुजफ्फरपूर, दरभंगा या शहरांची दाणादाण उडाली. शेते दुभंगून त्यांतून वाळू व पाणी वर आले. दोन्ही प्रदेशांत मिळून दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आज त्या जिल्ह्यांत नोकरीस असलेल्या वाचकांनी जुन्या कुटुंबांतून त्या दिवसाच्या गोष्टी ऐकल्या असतील. गांधीजी त्या वेळी अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. त्याच महिन्यात तिरुनेलवेली येथे बोलताना त्यांनी, हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली शिक्षा आहे, अशी आपली श्रद्धा बोलून दाखविली.

रवींद्रनाथ ठाकुरांना हे असह्य झाले. अस्पृश्यता हे पाप आहे याविषयी दोघांत तिळमात्र मतभेद नव्हता. रवींद्रनाथांनी आपला निषेध लिहून पाठविला आणि गांधीजींनी तो १६ फेब्रुवारी १९३४ च्या 'हरिजन'मध्ये आपल्या उत्तरासह छापला. रवींद्रनाथांचा आशय असा होता, की भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात. त्यांना नीतीशी जोडले तर माणसाची नीती ईश्वराच्या नीतीहून श्रेष्ठ ठरेल. कारण दूर सुरक्षित बसलेल्या अपराध्यांना धडा मिळावा म्हणून वाटेल त्या निरपराध माणसांना, त्यांत मुले आली आणि खुद्द अस्पृश्यही आले, चिरडून टाकण्याचे कृत्य कोणताही सुसंस्कृत राज्यकर्ता करणार नाही. शिवाय असल्या युक्तिवादाचा उपयोग गांधीजींच्या विरोधकांनाच अधिक होईल. तेही म्हणू शकतील, की ही शिक्षा अस्पृश्यता मोडू पाहणाऱ्यांच्या पापाची आहे.

गांधीजींनी माघार घेतली नाही. ईश्वराच्या इच्छेवाचून पानही हलत नाही, त्याचे सगळे नियम आपल्याला ठाऊक नाहीत, आणि या श्रद्धेने आपण अधिक नम्र व आत्मशुद्धीला अधिक तत्पर होतो, असे त्यांचे म्हणणे. सुशिक्षित वाचक येथे चटकन रवींद्रनाथांच्या बाजूला जाईल. मीही जातो, परंतु गांधीजींवर अन्याय करून जाऊ नये. त्यांनी 'त्यांच्या' पापाची शिक्षा असे म्हटले नव्हते, 'आपल्या' पापाची असे म्हटले होते, आणि त्या 'आपण'मध्ये स्वतःला धरले होते. त्या श्रद्धेने ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. मार्चमध्ये ते बिहारात गेले आणि राजेंद्रप्रसादांनी उभारलेल्या मदतकार्यात सहभागी झाले. तरीही एक गोष्ट उरतेच. गांधीजींच्या वाक्यातील पुरुष प्रथम होता, पण छप्पर पडले होते ते तृतीय पुरुषावर. मुंगेरच्या बाजारात ढिगाऱ्याखाली गेलेल्या माणसाने आपल्या मरणाचा हा अर्थ लावला नव्हता. तो अर्थ दुसऱ्याने, दुरून, त्याच्या वतीने लावला.

या प्रश्नाचे मर्म मला येथे सापडते. दुःखाचा अर्थ लावण्याचा अधिकार ज्याचे दुःख त्याचा. 'माझ्या पूर्वकर्माचे हे फळ', 'देव माझी परीक्षा पाहतो आहे' असे एखादी दुःखी बाई म्हणते, तेव्हा ती आपल्या दुःखाला पाय टेकण्यापुरती जागा शोधत असते. तिच्याशी वाद घालणे निर्दयपणाचे होईल. तेच वाक्य तिच्या दारात उभे राहून आपण म्हटले, की शब्द तेच राहूनही त्याची जात बदलते. मग ते सांत्वन राहत नाही, निकालपत्र होते. आपण ईश्वराचे वकीलपत्र घेतलेले असते, आणि ते आपल्याला कोणी दिलेले नसते. शिवाय या वकिलीत लाभ कोणाचा होतो तेही पाहावे. स्पष्टीकरणाने देव दोषमुक्त झाला असे आपण समजतो; वस्तुतः मोकळे होतो ते आपण. हिशेब जुळला, आता करण्यासारखे काही राहिले नाही, असे म्हणून आपण आपल्या वाटेला लागतो.

बायबलातील ईयोबाच्या कथेत हे फार मार्मिकपणे आले आहे. सर्वस्व गमावून राखेत बसलेल्या ईयोबाकडे त्याचे मित्र येतात आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहतात. तोवर ते मित्र असतात. मग ते बोलू लागतात, देवाची बाजू मांडू लागतात, तुझ्या हातून काही पाप घडले असलेच पाहिजे असे सिद्ध करू लागतात. कथेच्या शेवटी देव रागावतो तो देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर तितका नव्हे. त्याच्या या वकिलांवर त्याचा कोप होतो.

आता कोणी विचारील, की दुःखितानेच स्वतःच्या दुःखाचा असा अर्थ लावला, तर तो तरी प्रमाण मानावा काय? याचे उत्तर आपल्याच संतपरंपरेत शोधले पाहिजे. चोखोबांच्या नावावर असलेल्या एका अभंगात आपल्या हीन मानल्या गेलेल्या जन्माचे कारण पूर्वजन्मी घडलेल्या कृष्णनिंदेत शोधले आहे. म्हणजे कर्मसिद्धान्त त्यांनी स्वतःला लावून घेतला. पण हे शब्द त्यांना कोणी शिकविले? ज्या समाजाने त्यांना मंदिराबाहेर ठेवले, त्यानेच त्या बाहेर ठेवण्याचे समर्थनही त्यांच्या मुखात घातले नव्हते काय? चोखोबांचा पुत्र कर्ममेळा याच्या नावावरील अभंगांत हा सूर नाही. तेथे देवालाच जाब विचारला आहे: आम्हांला हा जन्म दिलास तो का, आणि तुला याची लाज कशी नाही? एकाच घरात बापाने स्पष्टीकरण स्वीकारले आणि मुलाने तक्रार केली. भक्त दोघेही. म्हणून दुःखिताने स्वतःला दिलेले स्पष्टीकरण ऐकून घ्यावे, परंतु ते पावती म्हणून आपल्या फायलीला लावू नये.

चोखोबांचा शेवटही विसरता येत नाही. मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्याच्या कामावर असताना ते कोसळले आणि इतर मजुरांसह चोखोबा त्याखाली गेले; परंपरा हे साल १३३८ देते. ही अस्मानी की सुलतानी? भिंत ढासळली हा अपघात. पण त्या भिंतीखाली कोणाला राबविले जाते, हा अपघात नव्हता. नामदेवांनी, परंपरा सांगते, चोखोबांच्या अस्थी शोधून पंढरीस आणल्या. देवाने असे का केले याचा उलगडा ते करीत बसले नाहीत. जे मंदिर चोखोबांना जन्मभर बंद होते, ते त्यांच्या समाजाला उघडण्यास १९४७ साल उजाडावे लागले आणि साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. सहा शतके ती बंदी देवाच्या नावावर खपली. ती माणसांची होती.

यावर एक रास्त आक्षेप येईल, की ही प्रश्नाची टाळाटाळ झाली. देव दयाळू कसा, हे काही सांगितले नाही. हे खरे आहे. ती तीन विधाने तर्काने एकत्र बसत नाहीत आणि मी ती बसविली असा माझा दावा नाही. परंतु श्रद्धा म्हणजे विश्वाच्या कारभाराचा अहवाल, असे समजण्याचे कारण नाही. आपले संत देवाशी भांडतात, त्याला निष्ठुर म्हणतात, त्याला शिव्याही घालतात. ज्याच्याकडून मायेची अपेक्षाच नाही त्याच्याशी कोणी असे भांडत नाही. तक्रार हेही श्रद्धेचेच रूप आहे; किंबहुना दुःखाच्या समोर तेच तिचे प्रामाणिक रूप आहे. स्पष्टीकरणाने ते भांडण मिटते, आणि भांडण मिटले की देवही दूर जातो व दुःखी माणूसही.

त्याच मंगळवेढ्याची, पुढील शतकातील म्हणून सांगितली जाणारी, दामाजीपंतांची कथा आपणां सर्वांस लहानपणापासून ठाऊक आहे. परंतु नोकरीत पडल्यावर तिच्याकडे पुन्हा पाहावे. दामाजीपंत बेदरच्या पादशहाचे अधिकारी. भीषण दुष्काळ पडला, दारात उपाशी माणसांचे थवे आले, आणि त्यांनी हुकूम नसताना सरकारी कोठारे उघडली. चहाडी झाली, पकडून आणण्याची आज्ञा सुटली. तेव्हा विठ्ठल महाराच्या वेषात बेदरला गेला, धान्याची किंमत मोजली आणि रीतसर पावती घेतली. कथेची ऐतिहासिक सत्यता बाजूला ठेवू. ज्यांनी ती रचली व जपली त्या भुकेल्या माणसांना देवाकडून काय हवेसे वाटले, ते पाहण्यासारखे आहे. कथेतला देव पाऊस पाडत नाही. दुष्काळ का पडला, कोणाच्या पापाने पडला, याचे एक अक्षर तो सांगत नाही. तो येतो तो कोठार उघडून झाल्यानंतर, ज्याने ते उघडले त्याच्या मागे उभा राहण्यासाठी. आणि रूप घेतो तेही त्याच जातीच्या माणसाचे, ज्या जातीचे चोखोबा त्याच गावच्या भिंतीखाली गेले होते.

नियम मोडण्याचा सल्ला या कथेतून कोणी काढू नये. दामाजीपंतांच्या काळी दुष्काळसंहिता नव्हती. आज कोठार उघडण्याचे नियमच पुष्कळ झाले आहेत, आणि बहुधा ते लागू करण्यात झालेला विलंबच जीव घेतो. परंतु ज्याच्या हातात शिक्का आहे त्याने दुःखाकडे कोणत्या बाजूने पाहावे, हे ती कथा सांगते. अस्मानी काय आणि सुलतानी काय, याचा निवाडा अभ्यासक सावकाश करोत. दारात आलेल्या माणसापुढे आपण दोन भूमिका घेऊ शकतो: ईश्वराच्या वतीने उत्तर देण्याची, किंवा त्या माणसाच्या वतीने विचारण्याची. प्रेमळ ईश्वर असेल तर त्याला आपल्या वकिलीची गरज नाही. आणि तो नसेल, तर त्या माणसाला आपली गरज अधिकच आहे.